धोटा आपोआप चालू लागला तर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दिलेले भाषण)



संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे : प्राचीन तत्त्वज्ञानातली सार्थ जीवनाची कल्पना आजच्या जीवनशैलीत बसते का? हा विषय आपल्या ग्रुपवर जाहीर झाला तेव्हा मागच्या बाकावरच्या एकाने लगेच विचारलं, ‘हिचं सॉफ्टवेअर आणि तत्त्वज्ञान यांचा काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. माझी पदवी इंजिनिअरिंगची. तत्त्वज्ञान मी कुठल्या परीक्षेसाठी शिकलेले नाही. पुण्यात आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी एकत्र बसतो आणि एखादं जुनं पुस्तक थोडं थोडं वाचतो. त्यात ॲरिस्टॉटलचं ‘निकोमाखियन एथिक्स’ जवळजवळ वर्षभर चाललं, मग त्याच्याच ‘पॉलिटिक्स’चे काही भाग. एवढंच माझं भांडवल. त्यामुळे सगळ्या प्राचीन तत्त्वज्ञानाचा आढावा घ्यायचा आव मी आणत नाही. गीता आहे, बुद्ध आहे, ज्ञानेश्वर आहेत. त्यांच्यावर बोलायला इथे माझ्यापेक्षा अधिकारी माणसं बसली आहेत. आपले संस्कृतचे सर तर पहिल्याच रांगेत आहेत, आणि त्यांच्यासमोर श्लोक म्हणायची हिंमत मला चव्वेचाळिसाव्या वर्षीही होत नाही.

म्हणून मी या एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. इ. स. पू. ३८४ मध्ये जन्मलेला, ग्रीसच्या उत्तरेकडच्या स्टागिरा नावाच्या लहानशा गावचा माणूस. त्याची निवड मी का केली, तर वाचता वाचता त्याच्या पुस्तकात मला अचानक आपलं इचलकरंजी भेटलं.

‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात तो गुलामांविषयी लिहितो. गुलाम म्हणजे त्याच्या मते मालकाचं जिवंत हत्यार. आणि मग तो एक कल्पना करून बघतो : हत्यारं जर सांगितल्याबरोबर, किंवा न सांगताच, स्वतःहून काम करू लागली, धोटा आपोआप विणू लागला, तर कारागिराला हाताखालच्या माणसांची आणि मालकाला गुलामांची गरजच उरणार नाही. बाकी सगळ्यांनी हे वाचलं आणि पुढे गेले. मी मात्र त्या धोट्यापाशी थांबले. कारण आपोआप विणणारा धोटा ही आमच्या मंडळातल्या इतरांसाठी पुस्तकातली गोष्ट होती. माझं बालपण तिच्या आवाजात गेलं. तुमच्यातल्या निम्म्यांचं तसंच गेलं.

आपल्या गावात विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ साली. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं त्याला उत्तेजन होतं, हे आपण शाळेत निबंधात लिहीत आलो. ॲरिस्टॉटलचा धोटा चालू झाला आणि गाव वाढलं, ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ झालं. पण त्या हिशेबाने आपल्या आईवडिलांना भरपूर फुरसत मिळायला हवी होती. माझे अण्णा चार साध्या मागांवर विणकर होते. बारा तासांची पाळी; एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. धोटा मिनिटाला शंभराहून जास्त फेऱ्या मारायचा आणि अण्णा त्याच्यामागे : तार तुटली की जोड, कांडी संपली की बदल, एक माग थांबवला की दुसरा बोलावतोच. मजुरी मीटरवर. कुणी थांबू नको म्हणून सांगत नव्हतं, पण थांबलं की पैसे थांबत. आई त्याच शेडमध्ये कांड्या भरायची आणि तिथून घरी येऊन भाकऱ्या थापायची. धोटा आपोआप चालत होता, हे खरं. माणसं त्याच्या वेगाने चालत होती, हेही खरं.

तर प्रश्न असा पडतो की, ॲरिस्टॉटलचं कुठे चुकलं? त्यासाठी त्याला चांगलं जगणं म्हणजे काय वाटत होतं ते थोडं बघावं लागेल. फार खोलात नेत नाही; जेवणाची वेळ मलाही माहीत आहे.

त्याचा शब्द आहे ‘युडायमोनिया’. याचं भाषांतर सहसा ‘सुख’ किंवा ‘आनंद’ असं करतात, आणि तिथेच गाडी रूळ सोडते. आपल्याला आनंद म्हणजे मनाची अवस्था वाटते. आज छान वाटतंय, उद्या नाही. त्याला असं काही म्हणायचंच नाही. त्याच्या लेखी ही करण्याची गोष्ट आहे, वाटण्याची नव्हे. बासरीवाल्याचं चांगलेपण त्याच्या वाजवण्यात असतं, तसं माणसाचं चांगलेपण माणूस म्हणून जे करता येतं ते नीट, विचाराने, आयुष्यभर करत राहण्यात असतं. एक दिवस चांगला गेला म्हणून आयुष्य चांगलं ठरत नाही. हिशेब सबंध आयुष्याचा. आणि धैर्य, न्याय, उदारपणा हे गुण वाचून येत नाहीत. घर बांधून गवंडी होतो, तसं न्यायाने वागून वागून माणूस न्यायी होतो. आपल्याकडे याला रियाज म्हणतात. गाण्याला लावतो तो शब्द जगण्याला लावायचा, इतकंच.

मग तो लोक कुठकुठल्या गोष्टींसाठी जगतात ते तपासतो. हा भाग वाचताना मला आमच्या ऑफिसचं कॅन्टीन डोळ्यांसमोर दिसत होतं. एक जगणं चैनीचं; ते तो फारसा वेळ न घालवता बाजूला ठेवतो. दुसरं मानसन्मानाचं. त्यात त्याला अडचण दिसते ती अशी की, मान हा देणाऱ्याच्या हातात असतो, घेणाऱ्याच्या नाही. दरवर्षी मार्चमध्ये आमच्याकडे अप्रेझल होतं. वर्षभर मान मोडून काम केलेला हुशार मुलगा एका आकड्याकडे बघून पडेल चेहऱ्याने बाहेर येतो, आणि तो आकडा ज्याने दिला त्याने त्याचं काम नीट पाहिलेलंही नसतं. फोटोखाली अंगठे मोजणं हा त्याचाच घरगुती प्रकार. राहिलं पैशाच्या मागे लागलेलं जगणं. त्याबद्दल तो म्हणतो की ते मुळात सक्तीचं आहे, कारण पैसा हा दुसऱ्या कशासाठी तरी असतो. कशासाठी, हे ठरवायचं राहून गेलं तर मिळवणं चालूच राहतं. ईएमआय भरणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मात्र पैसा नकोच असंही तो म्हणत नाही, आणि हे मला आवडतं. थोडी सोय, थोडं आरोग्य, चांगले मित्र यांवाचून चांगलं जगणं कठीणच, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. चार मागांच्या मजुरीवर घर चालवलेल्या माणसाच्या मुलीला गरिबीचं कौतुक ऐकवलं की राग येतो. याच्या पुस्तकात तो राग आला नाही.

आता मुख्य गोष्ट. ग्रीक भाषेत फुरसतीला शब्द आहे ‘स्कोले’. आणि कामधंद्याला, व्यापाला शब्द आहे ‘अस्कोलिया’. म्हणजे फुरसत नसणं. आपल्याकडे उलट आहे. आपण काम हे मूळ धरतो आणि त्यातून उरलेल्याला ‘रिकामा’ वेळ म्हणतो. रिकामा माणूस आपल्या भाषेत काय काय करतो ते आठवा : न्हावी असेल तर भिंतीला तुंबड्या लावतो, आणि न्हावी नसेल तर तो रिकामटेकडा. ग्रीकांनी मूळ धरली ती फुरसत. काम म्हणजे तिचा अभाव. ॲरिस्टॉटल सरळ म्हणतो की आपण कामात गुंततो ते फुरसत मिळावी म्हणून, जशी लढाई करतात ती शांतता मिळावी म्हणून.

आणि आता गंमत ऐका. हा ‘स्कोले’ शब्द लॅटिनमधून इंग्रजीत गेला आणि त्याचं झालं ‘स्कूल’. म्हणजे आपण आत्ता जिथे बसलो आहोत त्या जागेच्या इंग्रजी नावाचा मूळ अर्थ आहे फुरसत. सकाळी अकराच्या घंटेला धापा टाकत फाटकातून शिरताना हे आपल्याला कुणी सांगितलं असतं, तर उशिराची छडी जास्तच लागली असती.

फुरसत म्हणजे लोळणं का? इथे तो एक भेद करतो, आणि मला तो आजच्या जगण्याला फार नेमका लागू पडतो असं वाटतं. विश्रांती आणि करमणूक ही त्याच्या मते औषधं आहेत. दमलेल्या माणसाने पुन्हा कामाला लागता यावं म्हणून घ्यायची. म्हणजे ती कामाच्याच खात्यात जमा. शनिवारी रात्री दोन वाजेपर्यंत मालिकेचे सहा भाग एका दमात बघणं ही फुरसत नव्हे. तो थकव्यावरचा लेप. फुरसत म्हणजे जे दुसऱ्या कशासाठी नाही, त्याच्याचसाठी करावंसं वाटतं असं काही करायला असलेला वेळ. विचार करणं, गाणं ऐकणं, मित्राशी बोलणं, गावाच्या कारभारात लक्ष घालणं. पुस्तकाच्या शेवटाकडे तो चिंतनाला सगळ्यांत वरचं स्थान देतो. ते मला पटलं नाही, तत्त्वज्ञ दुसरं काय म्हणणार! पण भेद पटला. आता तुम्हीच मनाशी हिशेब करा, गेल्या आठवड्यात लेप किती तास होता आणि फुरसत किती.

इथपर्यंत आलं की लोक म्हणतात, छान आहे पण आजच्या जीवनशैलीत हे बसत नाही. मला वाटतं की बसतं की नाही हा प्रश्नच उलटा विचारला जातोय. हल्ली तत्त्वज्ञान बसवून देणारे पुष्कळ झाले आहेत. आमच्या क्षेत्रात स्टोइक तत्त्वज्ञानाची चलती आहे. सकाळी फोनवर मार्कस ऑरेलियसचं एक वचन येतं, ते वाचायचं, दीर्घ श्वास घ्यायचा आणि स्टँड-अपच्या कॉलला बसायचं. एका कंपनीत असताना आमच्यासाठी ‘अर्थपूर्ण जीवन’ या विषयावर एक ऑनलाइन सत्र ठेवलं होतं. पाहुण्यांनी ‘युडायमोनिया’ हा शब्द मोठ्या अक्षरांत दाखवला. सव्वाशे माणसं हजर होती, सगळ्यांचे कॅमेरे बंद, कारण त्याच दिवशी संध्याकाळी एक डेडलाइन होती आणि जो तो सत्र चालू ठेवून काम करत होता. सत्राच्या शेवटी अभिप्रायाचा फॉर्म आला, तो चार वाजायच्या आत भरायचा होता! स्टोइकांवर माझा राग नाही. एपिक्टेटस हा स्वतः गुलाम होता, त्याचं बळ खरं होतं. पण जीवनशैलीचं माप घेऊन, तिला टोचणार नाही असं कापून शिवलेलं तत्त्वज्ञान हे तिच्याबद्दल काही सांगू शकत नाही. आहे ते सहन कसं करायचं, एवढंच ते शिकवतं. ॲरिस्टॉटल विचारतो की हे सगळं कशासाठी चाललंय. तो प्रश्न टोचतो. टोचायलाच हवा.

पण आता त्याच्याशी माझं भांडण. तेही तितकंच खरं आहे.

ही फुरसत त्याने कुणाला दिली? अथेन्सच्या स्वतंत्र पुरुष नागरिकाला. स्वयंपाक, विणकाम, दळणकांडण स्त्रिया आणि गुलाम करणार, तेव्हा हे चर्चा करणार. काही माणसं जन्मतःच गुलाम व्हायला योग्य असतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. कारागीर आणि मजूर यांच्या जगण्यात सद्गुणाला जागाच नाही, त्यांना उत्तम राज्याचं नागरिकत्व देऊ नये, असंही. आणि हे लिहिणारा स्वतः अथेन्समध्ये परका होता, त्याला तिथे मत नव्हतं. आपल्या मृत्युपत्रात त्याने काही गुलामांना मुक्त करायला सांगितलं होतं, म्हणजे कुठेतरी त्यालाही टोचत असणार. त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांच्या आत त्याच अथेन्समध्ये एपिक्युरसने आपली बाग उघडली आणि तिथे स्त्रिया आणि गुलामही येत होते. म्हणजे ‘त्या काळी तसंच होतं’ ही सबबही पूर्ण चालत नाही.

मजुराच्या जगण्यात सद्गुणाला जागा नाही, या वाक्यापाशी मला अण्णा आठवले. बारा तासांची पाळी संपवून, अंगाला कापसाची तूस तशीच असताना, अण्णा गुरुवारी भजनी मंडळात पखवाज वाजवायला जायचे. गावभागातल्या देवळात, रात्री साडेनऊ ते अकरा. त्याचे पैसे नव्हते. नाव छापून येत नव्हतं. आई म्हणायची, ‘मागाचा आवाज पुरला नाही का, आता आणि हा?’ पण गुरुवारी ती त्यांचं जेवण बरोबर नऊला वाढायची. दिवसभर मशीनच्या ठेक्यावर नाचलेला माणूस दीड तास स्वतःच्या ठेक्यावर असायचा. ॲरिस्टॉटलला जी गोष्ट फक्त रिकाम्या नागरिकाला जमेल असं वाटलं, ती एका विणकराने आठवड्यातून दीड तास जमवली होती. मागांच्या आवाजाने अण्णांचे कान पन्नाशीतच गेले. आता सत्तरीत त्यांना भजन जवळजवळ ऐकू येत नाही. तरी ते जातात, आणि जो तरुण मुलगा आता पखवाज वाजवतो त्याच्या शेजारी बसून वाद्याच्या अंगावर तळवा टेकवून ठेवतात. ठेका हाताला कळतो म्हणतात.

म्हणून त्याची माणसांची यादी चुकली, असं माझं म्हणणं आहे. कल्पना चुकली नाही. अण्णा हा तिचा पुरावाच आहेत. मात्र दीड तास पुरेसा होता असं मला म्हणायचं नाही. अण्णांना दीडच तास मिळाला, आणि त्याची किंमत त्यांनी कानांनी दिली.

दुसऱ्याच्या कष्टांवर उभी असलेली फुरसत ही काही अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट नाही. माझी रविवार सकाळ कुणाच्या जिवावर आहे? आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात, त्या अशी पाच घरं करतात. मी ॲरिस्टॉटलची गुलामगिरी वाचून हळहळत होते तेव्हा त्या आमच्या ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या. आता आमच्या सोसायटीतल्या काही घरांनी मिळून त्यांना रविवारची भरपगारी सुट्टी दिली आहे आणि रविवारी आमच्याकडे मी आणि नवरा मिळून खिचडी करतो. यात मोठेपणा काही नाही. सरकारी कारकुनालाही रविवार असतो. मावशींना विचारलं, रविवारी काय करता? म्हणाल्या, ‘पहिले चार रविवार नुसती झोपले, ताई. आता नातीला घेऊन बागेत जाते.’ विश्रांती आधी, फुरसत मग. ॲरिस्टॉटलचा भेद त्यांनी एका वाक्यात सांगितला.

आता माझ्या धंद्याकडे वळते, कारण धोटा तिथेही आपोआप चालू लागला आहे.

आमच्या टीमचं रिलीज पूर्वी दर पंधरवड्याला शुक्रवारी रात्री असायचं. आठ माणसं रात्री दहापासून अडीच-तीनपर्यंत जागायची. आम्ही सहा महिने खपून ते सगळं स्वयंचलित केलं. पाच तासांचं काम पाऊण तासावर आलं आणि एक माणूस पुरू लागला. आनंदाने पेढे वाटले. सोमवारच्या बैठकीत वरून पहिला प्रश्न आला : मग आता रिलीज दर आठवड्याला करता येईल ना? दुसरा प्रश्न : आठ माणसं लागतील का? वाचलेल्या वेळाचं काय करायचं, हा प्रश्न कुणाच्या मनातही नव्हता. वाचलेला वेळ म्हणजे मोकळं पडलेलं शेत, पेरायचंच. मी त्या बैठकीत म्हटलं की हा वेळ ज्यांच्या रात्रींतून वाचला आहे त्यांना आधी त्यातला वाटा द्या. मग लेखी मागणी केली : रिलीज दिवसा, मंगळवारी, शुक्रवारी रात्री कुणाचीही पाळी नाही, टीममधून कुणाला काढायचं नाही. दोन महिने घासाघीस चालली. रिलीज दर आठवड्याला झालं, ते मान्य करावं लागलं. रात्रीची पाळी गेली. आठातली दोन माणसं दुसऱ्या प्रकल्पावर हलवली, पण नोकरी कुणाची गेली नाही. मोकळ्या शुक्रवारी एक जण ट्रेकला निघतो, एकीने सतार सुरू केली आहे, आणि एक जण नऊ वाजता झोपतो. मला तिन्ही चालतात.

१९३० साली केन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल आणि खरी अडचण होईल ती फुरसतीचं काय करायचं याची, असा त्याचा अंदाज होता. २०३० आता दाराशी आलं आहे. तुमच्यातल्या कुणाचे पंधरा तास झाले असतील तर मला जेवताना भेटा. यंत्रं त्याच्या अंदाजापेक्षा पुढे गेली. फुरसत मात्र आली नाही, कारण ती यंत्रातून आपोआप गळत नाही. ती मागावी लागते, आणि मागायची तर ती कशासाठी हवी हे ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक नसलेल्या माणसाला वाचलेले दोन तास दिले, तर तो ते फोनला देऊन मोकळा होतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत कोड लिहिणारी साधनं आली आहेत. सांगितलं की लिहितात. इथे बसलेल्या आयटीतल्या सगळ्यांच्या पोटात त्यामुळे गोळा आहे, तो हसून लपवू नका. मागच्या दिवाळीत घरी आले होते तेव्हा अण्णांनी मोठ्याने विचारलं, कान गेल्यापासून ते मोठ्यानेच बोलतात, ‘तुमच्या मागालाबी ऑटो आला म्हणं?’ मी म्हटलं, हो आला. त्यांचा पुढचा प्रश्न : ‘मग माणसं किती ठेवणार?’ आपल्या गावात साध्या मागांच्या जागी ऑटोलूम आले, मग बिनधोट्याचे रॅपियर आणि एअरजेट आले. अण्णांनी ते सगळं पाहिलं आहे. एका माणसाकडे मागांची संख्या वाढली, कापड वाढलं. पाळी बाराचीच राहिली आणि उरलेली माणसं दुसरीकडे पांगली.

अण्णांच्या त्या प्रश्नानंतर मी ॲरिस्टॉटलचं ते वाक्य पुन्हा काढून वाचलं. धोटा आपोआप चालला तर मालकाला गुलामांची गरज उरणार नाही. पहिल्यांदा वाचताना मला ते मुक्तीचं वाक्य वाटलं होतं. पण ते मालकाच्या बाजूने लिहिलेलं आहे. गरज उरणार नाही, मग त्या माणसांचं काय होणार, ती मोकळी होणार की बेकार, हे त्याने लिहिलेलंच नाही. त्याला ते लिहायचं सुचलं नाही. आज आपल्याला सुचायला हवं, कारण या वेळी त्या वाक्याच्या दोन्ही टोकांना आपल्याच वर्गातली माणसं उभी आहेत. इथे कारखानदार झालेले आहेत, मॅनेजर आहेत, आणि ज्यांच्या नोकऱ्या या वर्षी गेल्या असेही दोघं-तिघं बसले आहेत.

मित्रांबद्दल थोडं बोलते, मग थांबते. त्या पुस्तकाच्या दहा भागांपैकी दोन संपूर्ण भाग मैत्रीवर आहेत, हे पाहून मी चकित झाले होते. तो मैत्रीचे तीन प्रकार करतो : उपयोगाची, मजेची, आणि माणूस म्हणून माणसाशी असलेली. पहिल्या दोन कारण संपलं की संपतात. तिसरी दुर्मीळ, आणि तिला वेळ लागतो. एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, अशी एक म्हण तो देतो. आपल्याकडेही मिठाचीच भाषा आहे. आपण मधल्या सुट्टीत एकमेकांच्या डब्यातलं मीठ खाल्लेली माणसं आहोत. यंदा ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्यासाठी ग्रुपवर नुसते हात जोडल्याच्या खुणा टाकून भागणार नाही. फोन करा. माझ्या ओळखीत जिथे जागा असतील तिथे मी शब्द टाकेन, तोही वर्गमित्राची मेहेरबानी म्हणून नव्हे.

आणि एक ठोस सूचना. आपल्या तुकडीने शाळेला निधी द्यायचा ठरवलं आहे आणि तो संगणक कक्षासाठी द्यावा असं बऱ्याच जणांना वाटतं. मी सॉफ्टवेअरमधली, मी टाळ्या वाजवेन असं तुम्ही धरलं असणार. संगणक घ्या. पण निम्मी रक्कम बाजूला ठेवा आणि ग्रंथालयाची खोली संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उघडी ठेवा. एक माणूस पगारावर नेमा, नीट पगारावर. तिथे परीक्षेची मार्गदर्शकं नकोत, हजेरी नको, शिकवणी नको. कुणी वाचेल, कुणी चित्र काढेल, कुणी खिडकीतून बाहेर बघत बसेल. ज्यांचे आईवडील आजही पाळीवर असतात अशा मुलांना घरात बसायला जागा नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. संयोजन समितीतल्या एकाने मला काल विचारलं, ‘पोरं नुसती रिकामी बसली तर?’ बसू देत. शाळा या शब्दाचा अर्थ मी मघाशी सांगितला.

वर्षाला अंदाजे किती खर्च येईल त्याचा कागद मी मांडवाच्या दाराशी ठेवलेल्या वहीत घातला आहे. पहिल्या ओळीवर माझं नाव आणि रक्कम आहे, खाली बऱ्याच ओळी मोकळ्या आहेत. पानं वाढल्याची खूण मागून होते आहे, तेव्हा इथेच थांबते.